भाचीची ॲडमिशन आणि कॅम्पसचं राजकारण: आमच्या घरातलं एक पूर्ण प्रकरण

मे २०२५ मध्ये सीयूईटी पीजीचा, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या एमएच्या प्रवेश परीक्षेचा, स्कोअर आला आणि ताईच्या घरात भांडणाला तोंड फुटलं. स्कोअर चांगला होता म्हणूनच फुटलं, कमी आला असता तर विषयच नव्हता, पोरगी गपगुमान नांदेडातच एमए करत बसली असती.

आधी माणसं सांगतो. दाजी जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी, रिटायरमेंटला पाच-सहा वर्षं राहिलेली. ताई घरीच. भाची बीए राज्यशास्त्र, नांदेडलाच झालेलं, पुढं एमए करायचं एवढं नक्की, त्याच्यापुढं यूपीएससी की पीएचडी हे तिचं तिलाच माहीत नाही आणि या वयात नसलेलंच बरं. मी लातूरला ज्युनिअर कॉलेजात शिकवतो, दर जूनमध्ये दहा-पंधरा पोरांचे फॉर्म माझ्याच मोबाईलवरून भरले जातात, त्यामुळं आमच्याकडं ॲडमिशन म्हटलं की "मामाला विचारा". पर्याय तीन. दिल्लीचं जेएनयू आणि हैदराबादचं केंद्रीय विद्यापीठ, दोन्ही सीयूईटीवर. तिसरं पुणे विद्यापीठ, त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा. तिन्हीकडं मिळायची शक्यता होती. म्हणजे मार्कांचा, कटऑफचा प्रश्न नव्हताच, प्रश्न होता की कुठल्या वातावरणात पोरगी पाठवायची, आणि हे "वातावरण" म्हणजे नेमकं काय यावर एका घरात चार माणसांच्या चार कल्पना होत्या.

दाजींची कल्पना सगळ्यात स्पष्ट. गच्चीवर जेवण झाल्यावर बसलो होतो, लाईट गेलेली, भाचीने मोबाईलवर जेएनयूच्या प्रेसिडेंशियल डिबेटची, म्हणजे विद्यार्थी युनियनच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या वादसभेची, रील लावली, डफली वाजतीये, पोरं ओरडतायत, आणि दाजी म्हणाले, "हे शिकायला जातात का घोषणा द्यायला?" बस. त्या रात्री पुढं कोणी कोणाशी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दाजींना एकटं गाठलं. मला वाटलं होतं टीव्हीवरचं काहीतरी निघणार, २०१६ चा फेब्रुवारी, जेएनयूच्या युनियनचा अध्यक्ष कन्हैया कुमारची अटक, ते सगळं. ते निघालंच. पण त्याच्या खालून दुसरंच निघालं. दाजी नव्वदच्या सुरुवातीला औरंगाबादला शिकायला होते. त्यांचा रूम पार्टनर यूआर, म्हणजे विद्यापीठ प्रतिनिधी, म्हणून निवडून आला, आणि पुढच्या मतदानाच्या आठ दिवस आधी गायब. रात्री जीप आली आणि मत फुटू नये म्हणून घेऊन गेली. पार्टनरच्या आईचा तार यायचा आणि हे खोटं उत्तर द्यायचे की अभ्यासाला गेलाय. आठ दिवसांनी तो परत आला तो नवीन बूट घालून आला. दाजी म्हणाले, "बूट चांगले होते हो, पण त्या वर्षी तो नापास झाला आणि मग शेतीच करत बसला." ज्या लोकांनी तो काळ बघितलाय त्यांना यात नवल वाटणार नाही, सीआर (वर्ग प्रतिनिधी), यूआर, जीएस (सरचिटणीस), पळवापळवी, लॉज, हाणामाऱ्या हे सगळं तेव्हा चालायचं. १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात थेट निवडणुकाच काढून टाकल्या, मार्कांवर नेमणूक सुरू झाली. २०१६ च्या नव्या कायद्यात निवडणूक परत आली म्हणतात, २०१९ ला वेळापत्रकही निघालं, ते पुढं ढकललं ते ढकललंच. म्हणजे आमच्या भाचीने तीन वर्षं कॉलेज केलं पण कॉलेजात एकदाही मत टाकलं नाही. बाहेर मात्र टाकलं, आणि आम्हा नांदेडकरांचं तर असं की पोटनिवडणुकीमुळं २०२४ मध्ये लोकसभेलाच दोनदा मतदान झालं.

तर दाजींच्या डोक्यात "कॅम्पसचं राजकारण" म्हणजे अर्धं टीव्हीवरचं जेएनयू आणि अर्धी ती जीप. आजच्या कुठल्याही कॉलेजची माहिती त्यात नव्हतीच. मी त्यांना दोष देत नाही, आपण सगळेच असंच करतो.

भाचीचं तरी काय वेगळं होतं. तिच्या डोक्यात रात्रभर चालणारा डिबेट, हाताने रंगवलेल्या भिंती, ढाब्यावरचा चहा. मी तिला म्हणलं बाई, डिबेट वर्षातून एका रात्री असतो आणि एमएचे पेपर सेमिस्टरला चार असतात. आणि ज्या युनियनचं तुला कौतुक आहे ती २०१९ नंतर थेट मार्च २०२४ मध्ये निवडली गेली, मधली चार वर्षं मतदानच नाही, म्हणजे त्या काळात एमएला आलेल्या कित्येकांनी तो डिबेट बघितलाच नाही. २०२३ च्या शेवटी तिथं शिस्तीचं बघणाऱ्या प्रॉक्टर ऑफिसचं नवीन नियमपुस्तक आलं, शैक्षणिक इमारतींपासून शंभर मीटरच्या आत धरणं-निदर्शन केलं तर वीस हजारापर्यंत दंड. वीस हजार! जिथं हॉस्टेलच्या डबल रूमचं भाडं महिन्याला दहा रुपये होतं आणि ते तीनशे करायला निघाले म्हणून २०१९ मध्ये पोरं रस्त्यावर आली, तिथं.

हे ऐकून ती जरा गप्प झाली. मग मी विचारलं, आणि हा प्रश्न मी आधीच विचारायला पाहिजे होता, की तुला तिथं जाऊन बोलायचंय का ऐकायचंय?

ती म्हणाली, "मला ऐकायचंय मामा. सगळ्यांचं. पण कोणी ओढून न्यायला नको."

इथं प्रकरण खरं उघडलं. कारण आपण कॅम्पस निवडताना विचारतो की तिथं डावे आहेत का उजवे, आंबेडकरवादी किती, कोणाची युनियन आहे. पण जो पोरगा किंवा पोरगी कोणाचाच झेंडा न घेता दोन वर्षं नुसतं ऐकणार आहे, त्याला तिथं जागा आहे का, आणि उद्या तो सगळ्यांपेक्षा वेगळं बोलला तर मेसमध्ये त्याच्या टेबलावर कोणी बसतं का, हे कोणी विचारत नाही. आणि कोणाशी वाद झाला, कोणी त्रास दिला, तर लिहून द्यायचं कुणाकडं. माझ्यासाठी वातावरण म्हणजे एवढंच, बाकी भिंतीचे रंग.

मग फोनाफोनी. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांची ओळख, त्यांच्या ओळखीची ओळख असं करत तिन्ही ठिकाणच्या पाच-सहा मराठी पोरापोरींशी भाचीला बोलायला लावलं, मी बाजूला बसून. परभणीकडचा एक जण जेएनयूत होता. तो म्हणाला ॲडमिशनच्या दिवसांत प्रत्येक संघटनेचं हेल्पडेस्क असतं, फॉर्म भरून देतात, झेरॉक्स काढून देतात, चहा पाजतात, आणि चहा सगळ्यांचा प्यायचा. "ताई, पहिल्या महिन्यात कोणालाच नाही म्हणू नका आणि कोणालाच हो म्हणू नका." हे वाक्य दाजींनी पण ऐकलं, स्पीकरवर होतं. जिल्हा परिषदेत सगळ्या शिक्षक संघटना बदल्यांच्या सीझनला अगदी असंच करतात, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत, त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडी ओळखीची खूण दिसली.

त्याच पोराने अजून एक गोष्ट सांगितली जी टीव्ही बघून कधीच कळत नाही. जेएनयूत "डावे" म्हणून एक गठ्ठा नाही. एप्रिल २०२५ च्या निवडणुकीत आयसा आणि डीएसएफ या डाव्या संघटना एका बाजूला, एसएफआय ही दुसरी डावी संघटना, बापसा वगैरे दुसऱ्या बाजूला, एकमेकांच्या विरोधात. तीन पदं पहिल्या आघाडीला आणि सहसचिवपद उजव्या विचारांच्या अभाविपला. बापसा म्हणजे बिरसा आंबेडकर फुले यांच्या नावाची संघटना, तिची उमेदवार २०२४ ला सरचिटणीस झाली होती. भाची म्हणाली म्हणजे फुल्यांचं नाव घेऊन दिल्लीत पोरं निवडून येतायत आणि आपल्याकडं निवडणूकच नाही. बरोबर बोलली, मी काय बोलणार.

ताईचा प्रश्न वेगळाच होता, तिला विचारसरणीशी घेणंदेणं नाही, तिला ५ जानेवारी २०२० ची रात्र आठवत होती, तोंडं बांधलेली माणसं काठ्या घेऊन हॉस्टेलात शिरलेली. ते तिने टीव्हीवर लाईव्ह बघितलंय. मी तिला खोटं सांगितलं नाही, हो झालं होतं, युनियनच्या अध्यक्ष मुलीचं डोकं फुटलं होतं. मग तिथं मुलींच्या एका हॉस्टेलचं नाव गोदावरी आहे हे तिला कळल्यावर, "बघ की, गोदावरी तर आपल्या दारातली," एवढं म्हणून ती हसली, पण हो म्हणाली नाही.

आता पुणे. दाजींचं मत एकदम पक्कं, पुणे शांत, पुणे आपलं, पुण्यात मावसभाऊ राहतो. आणि मला इथं सगळ्यात जास्त बोलावं लागलं, कारण "निवडणूक नाही म्हणजे राजकारण नाही" हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचं नाटक चालू होतं, रामलीलेत काम करणाऱ्या नटांच्या पडद्यामागच्या गमतीजमतींवर, अभाविपच्या कार्यकर्त्यांनी ते बंद पाडलं, धार्मिक भावना दुखावल्या म्हणून गुन्हा दाखल झाला आणि विभागप्रमुखांसकट विद्यार्थ्यांना अटक झाली, दुसऱ्या दिवशी जामीन, मग विभागात तोडफोड. नाटक कसं होतं, चांगलं का वाईट, तो भाग सोडा. मुद्दा असा की त्या पोरांच्या बाजूने किंवा विरोधात, काहीही असो, कुलगुरूंच्या दारात जाऊन "आम्ही एवढ्या विद्यार्थ्यांची मतं घेऊन आलोय" म्हणणारा निवडून आलेला एकही माणूस तिथं नव्हता. राजकारण होतंच, फक्त ते बाहेरून आत येत होतं. फर्ग्युसनमध्ये पण २०१६ च्या मार्चमध्ये काय झालं आठवतंय का, जेएनयूवरच्या कार्यक्रमावरून दोन गटांत घोषणाबाजी झाली, प्राचार्यांनी पोलिसांना देशविरोधी घोषणांबद्दल पत्र दिलं आणि मग टायपिंगची चूक म्हणून फिरवलं. एका पत्रावर पोरांचं आयुष्य टांगलेलं असतं हो.

म्हणजे पुणे वाईट असं मी म्हणत नाही. राज्यशास्त्राचा विभाग तिथला नावाजलेला आहे, जयकर ग्रंथालय आहे, मराठीतून चर्चा करणारी माणसं आहेत, हे दिल्लीत कुठं मिळणार. पण "शांत" म्हणून पुणे घेऊ नका, अभ्यासासाठी घ्या, एवढंच दाजींना सांगितलं.

मुंबईचं टिस (टाटा समाजविज्ञान संस्था) पण मधेच आलं होतं, दोन दिवसांत गेलं. तिथं २०२४ मध्ये एका पीएचडीच्या विद्यार्थ्याला दोन वर्षांसाठी निलंबित केलं होतं, सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये ते निलंबन आतापर्यंत झालं तेवढ्यावरच थांबवलं, म्हणजे आमची चर्चा चालू होती त्याच महिन्यात ती बातमी पेपरात होती. दाजी म्हणाले सुप्रीम कोर्टात जायला आपल्याकडं पैसे नाहीत. विषय संपला.

खरी भीती मात्र शेवटी निघाली, आणि ती विचारसरणीची नव्हतीच. "केस लागली तर सरकारी नोकरी गेली." मराठवाड्यात नोकरदाराच्या घरी ही एकच भीती सगळ्या भीतींची आई आहे. मी म्हणलं नुसतं घाबरण्यापेक्षा तो फॉर्मच बघू. केंद्र सरकारच्या नोकरीत लागताना जो साक्षांकन फॉर्म भरावा लागतो त्याची प्रिंट काढली आणि टेबलावर ठेवली. त्यात विचारतात, कधी अटक झाली का, खटला चालला का, शिक्षा झाली का, आणि कुठल्या विद्यापीठाने काढून टाकलंय का, परीक्षेला बसायला बंदी केलीये का. दाजी चष्मा लावून ओळ न् ओळ वाचत होते, निवडणुकीच्या ड्युटीचा कागद वाचतात तसे. म्हणाले, "म्हणजे घोषणा दिल्या का, असं नाही विचारलं." नाही विचारलं. आणि मग मी त्यांना सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा अवतार सिंग प्रकरणातला निकाल सांगितला, मला तो एका विद्यार्थ्याच्या पोलीस भरतीच्या भानगडीत वाचावा लागला होता. त्यात कोर्टाने स्पष्ट म्हटलंय की तरुण वयात घोषणा दिल्यासारखी किरकोळ बाब असेल तर नोकरी देणारा त्याकडं दुर्लक्ष करू शकतो, आणि माहिती खरी द्यायची, लपवालपवी हीच माणसाला जास्त नडते. "करू शकतो" म्हटलंय, "करायलाच पाहिजे" नाही, हा फरक पण मी सांगितला, कारण दाजींना अर्धवट दिलासा दिला तर ते उरलेला अर्धा स्वतः घाबरून भरून काढतात.

त्या प्रिंटआऊटने जे काम केलं ते माझ्या तासभराच्या लेक्चरने केलं नव्हतं. भाचीने त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून ठेवलं, विद्यापीठाने काढून टाकणे, आणि त्याच्याखाली दोन रेघा. म्हणजे पोलिसांपेक्षा विद्यापीठ स्वतः काय शिक्षा करतं, किती सहज करतं, हे बघायचं. हुशार आहे पोरगी, माझ्या डोक्यात हे इतकं स्वच्छ नव्हतं.

म्हणून मग हैदराबाद. खरं सांगायचं तर ते माझ्या मनात पहिल्यापासून होतं, पण ताईपुढं नाव काढायची हिंमत नव्हती, कारण रोहित वेमुला. पाच दलित संशोधक विद्यार्थ्यांना हॉस्टेलमधून काढलं, रोहितची फेलोशिप अडकलेली, १७ जानेवारी २०१६ ला त्याने जीव दिला. ताईला नाव नीट आठवत नव्हतं पण "ते पत्र लिहिलेलं पोरगं" आठवत होतं. आणि मग तीच म्हणाली, "आपल्याकडं पण झालं की, ती जळगावची डॉक्टर पोरगी." पायल तडवी, मे २०१९, मुंबई, तिनेही जीव दिला. आमच्या घरात त्या संध्याकाळी कोणी टीव्ही लावला नाही. ताईच्या म्हणण्यात एक गोष्ट होती जी मला आजपर्यंत सुचली नव्हती, की जिथं संघटना आहेत तिथलं जगाला कळतं आणि जिथं नाहीत तिथलं आई गाव सोडून मुंबईला जाऊन बसते तेव्हा कळतं.

जूनमध्ये आम्ही तिघं, दाजी, भाची आणि मी, देवगिरी एक्सप्रेसने हैदराबादला गेलो. सुट्टी होती, कॅम्पस अर्धा रिकामा. मोठाले खडक एकावर एक रचल्यासारखे, मोर, आणि चालून चालून पाय दुखले. शॉपकॉम म्हणून एक जागा आहे, दुकानं, झेरॉक्स, चहा, तिथं सगळं चालतं. रोहितच्या वेळी काढलेल्या पोरांनी त्याच भागात तंबू टाकून "वेलीवाडा" उभा केला होता, तेलुगूत त्याचा अर्थ गावकुसाबाहेरची वस्ती. दाजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या काळात औरंगाबादला होते, १४ जानेवारी १९९४ त्यांनी तिथं राहून बघितलाय, त्यांना वेलीवाडा समजवायची गरज पडली नाही. ते तिथं बराच वेळ उभे राहिले, काही बोलले नाहीत.

मग त्यांनीच आम्हाला एक गोष्ट दाखवली. भिंतीवर एका संघटनेचं जुनं पोस्टर होतं, सभेचं, त्याच्यावर दुसऱ्या संघटनेने आपलं पोस्टर चिकटवलेलं, पण असं तिरकं सरकवून की खालच्या पोस्टरवरची तारीख आणि जागा दिसत राहील. "बघा," दाजी म्हणाले, "झाकलं नाही." हा माणूस पस्तीस वर्षांपूर्वीच्या भिंती डोक्यात घेऊन आला होता जिथं दुसऱ्याचं पोस्टर फाडायला रात्री पोरं नेमलेली असायची. एका पोस्टरवरून विद्यापीठ ठरवायचं नसतं हे मलाही कळतं, आणि कदाचित चिकटवणारा नुसता घाईत असेल. पण दाजींचं मत तिथं वळलं हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

चहावाल्यापाशी दोन-तीन पोरं होती. नुकताच कांचा गच्चीबावलीचा विषय होऊन गेला होता, विद्यापीठालगतची चारशे एकर जमीन सरकारला आयटीसाठी काढायची होती, मार्चच्या शेवटी बुलडोझर आले, पोरांची धरपकड झाली, ३ एप्रिलला सुप्रीम कोर्टाने काम थांबवलं. मी विचारलं कोणत्या संघटनेने केलं आंदोलन. तर एकजण हसला, म्हणाला सगळ्यांनीच, एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्यांनी पण. भाचीने मग तिचा प्रश्न विचारला, मोडक्या हिंदीत, की मी कोणत्याच संघटनेत नाही गेले तर? त्यातली एक मुलगी म्हणाली, मी पण नाहीये, चौथं वर्ष आहे माझं इथं, पाच वर्षांचा कोर्स, फक्त इलेक्शनच्या आठवड्यात दार कोणी ना कोणी वाजवत राहतं तेवढं सहन कर.

एक प्रश्न मी सगळीकडं विचारला, फोनवरही आणि इथंही. यूजीसीच्या नियमानुसार लैंगिक छळाच्या तक्रार समितीवर, प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर, निवडून आलेले तीन विद्यार्थी असायला पाहिजेत. तर तुमच्याकडं ते कोण आहेत, माहितीये का? एका ठिकाणची मुलगी, कुठली ते नाही सांगत, मला म्हणाली, "सर, अशी समिती असते का?" शॉपकॉमवरच्या मुलीला समिती कुठं बसते ते माहीत होतं, प्रतिनिधीचं नाव पटकन आठवलं नाही, तिने मैत्रिणीला फोन लावून विचारलं. माझ्यासाठी तेवढं पुरे झालं.

परत येताना गाडीत दाजींनी त्यांच्या वडिलांची गोष्ट काढली. ते निजामाच्या काळातले. १९३८ मध्ये उस्मानिया विद्यापीठात पोरांनी वंदे मातरम म्हटलं म्हणून शेकड्याने काढून टाकली होती, आणि नागपूर विद्यापीठाने त्यातल्या कित्येकांना घेतलं, पुढं पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यातलेच. दाजींचे वडील ही गोष्ट लहानपणी सांगायचे. भाची म्हणाली, "बाबा, म्हणजे आपल्याच आजोबांना घोषणा देणारी पोरं आवडायची." दाजी खिडकीतून बाहेर बघायला लागले.

तर ठरलं हैदराबाद. जेएनयूची जागा पण मिळाली असती असं मला अजून वाटतं, भाचीला तर त्याची थोडी हळहळ आहेच, पण दिल्लीला पहिल्याच महिन्यात हॉस्टेल मिळेलच असं नाही आणि बाहेर खोली घेऊन राहायचा खर्च गुरुजींच्या पगारात, घराचं कर्ज चालू असताना, झेपत नव्हता. आणि सचखंडने दिल्ली म्हणजे दीड दिवस, हैदराबाद म्हणजे सकाळी निघालं की दुपारी पोचलं. शेवटी एवढ्या सगळ्या वैचारिक चर्चेनंतर निर्णयात अर्धा वाटा रेल्वेच्या टाइमटेबलचा होता हे कबूल करतो.

आता माझी चूक. मी भाचीला जाताना ऐटीत सांगितलं होतं की हैदराबादला आंबेडकरी आणि डाव्या संघटनांची युनियन असते, एएसए (आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशन) तिथलीच, १९९३ ची, तुला त्या वातावरणात बरं वाटेल. ती जुलैअखेरीस गेली. सप्टेंबरमध्ये निवडणूक झाली आणि अभाविपच्या पॅनलने युनियन जिंकली, २०१८ नंतर पहिल्यांदा. म्हणजे मी जे वातावरण सांगून पोरगी पाठवली ते दोन महिन्यांत उलटं झालं. मी घाबरून फोन केला. ती मेसमध्ये होती, मागं भांड्यांचा आवाज.

"काय चाललंय तिकडं?"

"काही नाही मामा, जिंकलेले ढोल वाजवतायत, हरलेले चहा पीत बसलेत. उद्या माझं प्रेझेंटेशन आहे."

"कुणी काही बोललं का?"

"माझी रूममेट हरलेल्यांची आहे, ती रडली. शेजारची जिंकलेल्यांची आहे, ती हिला जेवायला घेऊन आलीये. मी ठेवू का आता?"

मी काही तिकडं राहत नाही, एका मेसच्या टेबलावरून अख्ख्या कॅम्पसचं सांगता येत नाही, आणि हरलेल्या बाजूच्या एखाद्या पोराला विचारलं तर तो वेगळंच सांगेल, सांगू दे. पण जेएनयूचं बघा ना, एप्रिलमध्ये सहसचिवपद अभाविपकडं, नोव्हेंबरमध्ये परत मतदान आणि चारही पदं डाव्या आघाडीला. एका कॅलेंडर वर्षात. दोन वर्षांच्या एमएला कोणाची सत्ता आहे ते बघून जाणं म्हणजे पावसाळ्यात विहिरीचं पाणी बघून जमीन घेण्यासारखं आहे. तक्रार समिती, ते पोस्टर, ती "चौथं वर्ष, कुठंच नाही" म्हणणारी मुलगी, हे मात्र सप्टेंबरनंतरही तसंच आहे असं भाची सांगते, आत्तापर्यंत तरी.

एक गोष्ट जमली नाही तीही सांगतो. मराठी. तिथं वर्गात इंग्रजी, बाहेर तेलुगू आणि हिंदी, आणि भाची पहिले दोन महिने सेमिनारमध्ये तोंड उघडत नव्हती. ऐकायला गेली होती ना, तर नुसतं ऐकतच राहिली. यात राजकारणाचा काही संबंध नाही, पण पुण्याला गेली असती तर पहिल्या आठवड्यात बोलली असती, आणि हा हिशोब मी आधी मांडला नव्हता.

दिवाळीला ती घरी आली. फराळाच्या ताटावर दाजींनी विषय काढलाच, कोणाला मत दिलंस. ती म्हणाली, "बाबा, गुप्त मतदान असतं." ताई हसली. दाजींनी आयुष्यात किती निवडणुकांना केंद्राध्यक्ष म्हणून ड्युटी केली असेल याची मोजदाद नाही, ते पाच मिनिटं गप्प बसले, चकली संपवली, आणि मग सुरू झाले. शाई लावतात का गं बोटाला? मतपत्रिका का मशीन? पोलिंग एजंट बसू देतात का? पेटी सील कोण करतं, सही कोणाची घेतात, मोजणीच्या वेळी हरणाऱ्याचा माणूस टेबलाजवळ असतो का लांब? तिसऱ्या प्रश्नानंतर भाचीने त्यांच्यापुढं कागद आणि पेन ठेवलं आणि म्हणाली, "लिहून द्या, विचारून सांगते." त्यांनी खरंच लिहून दिलं, नंबर टाकून, अकरा प्रश्न.